पापडात उतरलेलं दुसरं वर्ष

रत्नप्रभा शिंत्रेचं बी.ए.चं दुसरं वर्ष पापडात उतरलं, आणि विद्यापीठाने ते नियमाप्रमाणे पापडांच्या नावावर लावलं.

हे तिला पलूसच्या अभ्यासकेंद्रात कळलं. केंद्र म्हणजे एका शाळेच्या वरच्या मजल्यावरची खोली, आणि त्या खोलीत संयोजक म्हणून प्राध्यापक गुरव. मे महिना होता. पंखा फिरत होता, पण वारा काही खाली पोचत नव्हता. गुरवांनी तिने ऑनलाइन दिलेली सराव चाचणी संगणकावर उघडली आणि चष्मा कपाळावर चढवून वाचायला घेतली.

"राज्याची उत्पत्ती कशी झाली, हा पहिला प्रश्न. तुम्ही लिहिलंय, 'म्हणून शेवटी लोकांनी ते मान्य केलं.' फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं. तिथे लिहिलंय, 'त्यामुळे पावाचे भाव आणखी वाढले.'" त्यांनी चष्मा खाली घेतला. "चूक काहीच नाही, ताई. पण हे सगळे उत्तरांचे शेवट आहेत. सुरुवाती कुठे आहेत?"

"मला एवढंच येतंय, सर."

"यंदा पापड केलेत?"

"उन्हाळा हाय की. केलेच."

"करताना व्याख्यानं ऐकलीत."

"मग दुसरं कवा ऐकणार?"

"आणि त्यातले तुम्ही खाल्लेत ते तुकडे."

रत्नप्रभाला एकदम ओशाळल्यासारखं झालं. ही गोष्ट या माणसाला कशी कळली? शिंत्र्यांच्या घरी अख्खा पापड सासऱ्यांना, नवऱ्याला आणि पाहुण्यांना. डब्याच्या तळाशी जे मोडकंतोडकं उरेल ते ती ओट्यापाशी उभ्याने आमटीभाताबरोबर खायची. असं कुणी ठरवलं नव्हतं, आणि म्हणूनच ते मोडायचं कसं हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

गुरवांना यात नवल वाटलं नाही. त्यांनी माहितीपुस्तिकेचं पान उलटून तिच्यासमोर सरकवलं. ऑनलाइन पदवीच्या चार पद्धती तिथे छापल्या होत्या. थेट पद्धतीत ठरल्या वेळी पडद्यासमोर बसायचं. साठवण पद्धतीत व्याख्यानं साठवून ठेवायची आणि सवड मिळेल तेव्हा ऐकायची. संमिश्र पद्धतीत आठवडाभर घरी ऐकायचं आणि रविवारी केंद्रात यायचं. चौथी हातकाम पद्धत, तिच्यापुढे 'गृहिणींसाठी विशेष सोयीची' असं लिहिलेलं. रत्नप्रभाने खूण केली होती ती याच पद्धतीवर.

"खाली बारीक अक्षरात आहे बघा," गुरव म्हणाले. "हात चालू असताना ऐकलेला अभ्यास हातातल्या वस्तूत उतरतो. याला विद्यापीठाचा इलाज नाही. मिरजेचे एक ट्रक ड्रायव्हर होते, गाडी चालवता चालवता बी.कॉम. केलं. ट्रक पहिल्या वर्गात पास झाला. आता त्याला एम.कॉम. करायचंय. एका शिंप्याचं मानसशास्त्र ब्लाउजांत गेलं. ते ब्लाउज घालणाऱ्या बायकांना नवऱ्याच्या मनातलं कळायला लागलं, आणि नवरे तक्रार घेऊन इथे आले. आम्ही काय करणार?"

"पण पहिल्या वर्षी असं झालं न्हाई, सर. मी चांगली पास झाले."

"पहिल्या वर्षी तुमचा हात कुठे होता?"

हात प्लास्टरमध्ये होता. गच्चीच्या पायरीवरून घसरून उजवा हात मोडला होता. घरच्यांनी तिला कामाला लावलं नाही, ती खाटेवर पडून ऐकत राहिली आणि ऐकलेलं सगळं डोक्यात गेलं. हात बरा झाला तशी घरात सगळ्यांना हायसं वाटलं, आणि वर्षभर साठत गेलेली दुसऱ्या वर्षाची व्याख्यानं तिने होळीनंतर, पापडांच्या दिवसांत ऐकून संपवली. गल्लीतल्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन तिच्या घराच्या पुढच्या सोप्यात जमायच्या. मधोमध मोबाइल मोठ्या आवाजात. उडदाच्या पापडात राज्यशास्त्र गेलं, पोह्याच्या पापडात समाजशास्त्र, आणि मुगाच्या पापडात इतिहास.

"आता परीक्षेचं?"

"अभ्यास जिथे, परीक्षा तिथे. पापड काही लिहू शकत नाही, तेव्हा ज्याने खाल्ला त्याने बसायचं. घरात अख्खे पापड सगळ्यात जास्त कोणी खाल्लेत?"

रत्नप्रभाने मनात घरातली पानं मोजली. मग म्हणाली, "अण्णांनी."

अण्णा म्हणजे तिचे सासरे. सातवी शिकलेले, दोन वेळच्या जेवणाला दोन-दोन पापड लागणारे. होळी सरल्यापासून त्यांचं बोलणं बदललं होतं, हे आता तिच्या ध्यानात आलं. परवाच दूधवाल्याने पाणी घातलं तेव्हा ते त्याला म्हणाले होते, "हा आपल्यातल्या सामाजिक कराराचा भंग हाय, लेका." दूधवाला घाबरून दुसऱ्या दिवशी सायीचं दूध घेऊन आला होता. वयामुळे असं होत असेल, असं म्हणून घरच्यांनी सोडून दिलं होतं.

"मग अण्णा बसू शकतात," गुरव म्हणाले. "पास होतील. मग पुढे पदवीही त्यांच्या नावाची निघेल."

घरी तिने हे सांगितलं तेव्हा कुणालाच वावगं वाटलं नाही. नवरा, महादेव, पतपेढीत कारकून. त्याने हिशेबी माणसासारखा विचार केला.

"घरातल्या घरातच ऱ्हातीय की पदवी," तो म्हणाला. "भाईर थोडीच चाललीय."

"मी बसतो की," अण्णा म्हणाले. त्यांना मनातून बरंच वाटलं होतं. "सार्वभौमत्व मला तोंडपाठ हाय. इचारा."

कुणी विचारलं नाही, तरी त्यांनी सांगितलं. उत्तर उत्तम होतं. रत्नप्रभाला त्याचा शेवट तेवढा ओळखीचा वाटला.

ती उठून दारात आली. दारावर पाटी होती. घर बांधलं तेव्हा पाटीवाल्याने विचारलं होतं, बाईंच्या नावापुढे काय घालू? महादेवने म्हटलं होतं, तिचं राहू दे. तेव्हापासून पाटीवर 'महादेव अ. शिंत्रे, बी.कॉम.' आणि त्याखाली 'सौ. रत्नप्रभा', आणि तिच्या नावापुढे रिकामी जागा. पाटीवाला चांगला कारागीर होता. दोन्ही ओळी सारख्या लांबीच्या याव्यात म्हणून त्याने जागा मोजून सोडली होती. ती रिकामी जागा पुसताना रत्नप्रभाचा हात रोज थोडा जास्त वेळ रेंगाळायचा.

ती आत आली आणि म्हणाली, "मला माझ्या नावावर पायजे."

असं ती कधी बोलत नसे. महादेवने पेपर खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने गुरवांना फोन लावला. अभ्यास परत घेता येतो, असं ते म्हणाले. त्याला पुनर्ग्रहण म्हणतात. मात्र पापड अख्खा पाहिजे, गरम पाहिजे, आणि उमेदवाराने बसून खाल्ला पाहिजे. भाजणारा आणि वाढणारा दुसरा कुणीतरी. "आणि पावसाच्या आत उरका, ताई. पापड सादळले की अभ्यास सादळतो. मागे एकांचा भूगोल असाच मऊ पडला, त्यांना नकाशातला समुद्र कोणता आणि जमीन कोणती ते सांगता येईना."

डबे उघडून पाहिलं तर पोह्याचे पापड पुरेसे होते, कारण ते अण्णांच्या दाताला फारसे चालत नसत. मुगाचे थोडे घरात संपले होते आणि बाकी सगळे कराडला नणंदेकडे गेले होते. तिला फोन केला. ती म्हणाली, "वहिनी, निम्मे तळले गं. सगळ्या घराला राज्यक्रांती झाली. पोरं आता सकाळी लवकर उठ म्हटलं तर सभा घेत्यात." उरलेले तिने एस.टी.ने पाठवून दिले.

पंचाईत उडदाच्या पापडांची होती. डब्यात थोडेच उरले होते, आणि हक्कांच्या धड्याचा फक्त एक. तो कोणता हे ओळखायला अवघड नव्हतं. तो धडा लागला त्या दिवशी शेजारच्या विमलकाकूंचा हात सैल पडला होता आणि पिठात ओवा जास्त गेला होता. ओव्याचे पापड म्हणजे अण्णांचा जीव की प्राण. त्यांनी शोधून शोधून तेच संपवले होते.

रविवारी दुपारी गुरव स्वतः आले. त्यांच्यासाठी स्वयंपाकघराच्या दारात प्लास्टिकची खुर्ची ठेवली. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, घड्याळात पाहिलं आणि "करा सुरू" म्हणाले. रत्नप्रभा पाटावर बसली. समोर ताट. महादेव गॅसपाशी, हातात चिमटा. लग्नानंतर तो या जागी उभा राहिला असेल तो फक्त काडेपेटी शोधायला. अण्णांनीही आपलं पान तिथेच मांडून घेतलं होतं. त्यांची जेवणाची वेळ कुणाच्याही परीक्षेसाठी हलत नसे.

पहिला पापड महादेवने जाळीवर टाकला, पालटला, आणि पुन्हा पालटेपर्यंत त्याच्या मधोमध काळा डाग पडला आणि डागातून धूर निघाला.

"राज्याची उत्पत्ती," गुरवांनी लिहून घेतलं. "करपली."

रत्नप्रभा अर्धी उठली होती. गॅस बारीक करायला तिचा हात पुढे गेलाही होता.

"बसा, ताई. तुमचा हात लागला तर पापड हिशेबात धरता येणार नाही."

ती बसली. पण बसणं सोपं नव्हतं. समोर मिठाची बरणी उघडी होती, तिचं झाकण लावायचं होतं. ओट्यावर पाणी सांडलं होतं. लसूण सोलायचा राहिला होता. तिचे हात आपले आपण हलत होते. शेवटी तिने दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसून राहिली.

"बारीक करा गॅस," ती नुसती बोलली. "आन् कडंनं भाजा. मधी आपोआप येतंय."

"सांगायला परवानगी आहे का?" महादेवने गुरवांना विचारलं.

गुरवांनी पुस्तिका चाळली. "बोलण्यावर बंदी दिसत नाही."

दुसरा पापड, सार्वभौमत्वाचा, नीट भाजला. कडा फुगल्या, मधे बारीक फोड आले. महादेवने तो तिच्या ताटात ठेवला आणि स्वतःच दचकला, कारण तो इतका चांगला झाला होता. रत्नप्रभाने अख्खा पापड हातात घेतला. लग्नाच्या पंगतीत एकदा घेतला होता, तो तसा शेवटचा. तिने कडेचा घास तोडला आणि हळूहळू आत जात खात राहिली. आणि तो धडा तिला पहिल्या वाक्यापासून यायला लागला. आधी सत्ता कुणाकुणात वाटलेली होती, मग त्यातून कसले तंटे झाले, मग कुणाचा शब्द शेवटचा मानायचं ठरलं, आणि म्हणून शेवटी ते कसं झालं. जो शेवट तिला इतके दिवस येत होता, तो आता आपल्या जागेवर जाऊन बसला.

तिला रडू आलं. इतका सोपा होता तो धडा. सुरुवात तोंडात कधी पडलीच नव्हती, म्हणून तिला वाटत होतं की आपल्यालाच अक्कल नाही.

"तिखट आहे का?" गुरवांनी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "वाढा पुढचा."

मग ते ओळीने होत गेलं. महादेवचा हात बसला. पोह्याचे पापड झाले, कुटुंबसंस्था आली, खेड्याची रचना आली. मुगाचे झाले, राज्यक्रांती आली, पण कराडच्या पोरांसारखी तिने सभा घेतली नाही. मधे गुरवांना चहा हवा होता. तो महादेवने केला. साखर तिप्पट पडली, पण गुरव काही बोलले नाहीत, कारण चहा त्यांच्या अखत्यारीत येत नव्हता. अण्णा आपल्या पानावर नुसता आमटीभात कालवत बसले होते. रिकाम्या ताटलीकडे त्यांची नजर पुन्हा पुन्हा जात होती.

शेवटी ओव्याचा पापड उरला.

महादेवने तो जिवापाड जपून भाजला. घरभर ओव्याचा वास सुटला. मग त्याने तो चिमट्याने उचलला, वळला, आणि अण्णांच्या पानात वाढला.

त्याच्या मनात काही नव्हतं. घरात पापड भाजला की पहिला अण्णांना, हे हातालाच माहीत होतं. चिमटा परत घेताना त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा पडला. तोवर अण्णांची बोटं पापडावर टेकली होती. गुरवांचं पेन थांबलं.

"मोडला तर गेला," ते म्हणाले. "हक्क हा प्रश्न सक्तीचा आहे."

पंचवीस वर्षांत तिने या माणसाच्या पानातला पदार्थ मागितला नव्हता. मागायचा असतो हेसुद्धा तिला सुचलं नव्हतं. तिने मांडीखालचे हात बाहेर काढले आणि ताटाच्या दोन बाजूंना ठेवले.

"अण्णा," ती म्हणाली, "तो माझा हाय."

अण्णांनी मान वर केली. एरवी त्यांनी काय केलं असतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. पण ओव्याच्या त्या लाट्यांचे जवळजवळ सगळे पापड त्यांच्याच पोटात होते. हक्कांचा धडा त्यांच्याइतका पक्का त्या पंचक्रोशीत कुणाचा नसेल. त्यांनी पापडाकडे पाहिलं. ओठ हलत होते. मनातल्या मनात ते धडा तपासत असावेत, कुठे काही पळवाट आहे का ते बघत असावेत.

"हक्क मागणाऱ्यानं कारण द्यायचं नसतंय," ते अखेर म्हणाले, स्वतःशीच बोलल्यासारखे. "आडवणाऱ्यानं द्यायचं असतंय." मग जरा थांबून म्हणाले, "माझ्याकडं काय कारण न्हाई."

त्यांनी पापड दोन्ही तळव्यांवर घेतला. तो न मोडता त्यांनी सुनेच्या ताटात ठेवला.

"वाढणारे, अण्णा," गुरवांनी लिहिलं. "अजून गरम आहे ना?"

"हाय," रत्नप्रभा म्हणाली, आणि तिने पहिला घास तोडला.

जूनमध्ये परीक्षा झाली. राज्याची उत्पत्ती हा प्रश्न तिने सोडून दिला, कारण ती करपली होती. बाकी सगळं लिहिलं. दुसऱ्या वर्गात पास झाली. दुसरं वर्ष पापडांच्या नावावरून काढून तिच्या नावावर लावल्याचं केंद्राने कळवलं.

तिसऱ्या वर्षाला तिने थेट पद्धत घेतली. दोन्ही हात मोकळे, ठरल्या वेळी, पडद्यासमोर. दुपारी तीन ते चार ती मधल्या खोलीत खुर्चीवर बसायची आणि हात मांडीवर ठेवायची. पहिल्या दिवशी विमलकाकू दारातून डोकावल्या आणि म्हणाल्या, "काय गं, बरं न्हाई का?" दुसऱ्या दिवशी त्या लिंबाचं सरबत घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी महादेवला बाजूला घेऊन विचारलं, घरात काही वाईट बातमी आलीय का. रिकाम्या हाताने बसलेली बाई गल्लीने सुतकाखेरीज पाहिली नव्हती. मग सगळ्यांना सवय झाली. एकदा एका व्याख्यानाच्या भरात रत्नप्रभाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि ग्रामपंचायतीचे उत्पन्नाचे मार्ग पदरात उतरले. तिने गुरवांना विचारलं. नेसूची वस्तू उमेदवारातच धरतात, असं ते म्हणाले. ती साडी तिने परीक्षेसाठी नीट घडी घालून ठेवली.

पुन्हा होळी आली आणि पापडांचे दिवस आले. ऐन दुपारची वेळ तिच्या तासाची, म्हणून त्या वर्षी पोळपाटापाशी महादेव आणि अण्णा बसले. गल्लीतल्या बायका पहिल्या दिवशी मदतीला म्हणून आल्या आणि बघतच राहिल्या. एकही पापड गोल नव्हता. अण्णांचे लांबट यायचे, महादेवच्या पापडांना कोपरे असायचे. तास सुरू व्हायच्या आधी अण्णा स्वतः उठून मधल्या खोलीचं दार ओढून घ्यायचे आणि त्याच्या फटीला टॉवेल लावायचे, पापडात काही जाऊ नये म्हणून.

"आवाज करू नगासा," ते बायकांना सांगायचे. "सूनबाईचा तास चाललाय."

पापड वाळले तसे एका रात्री जेवताना महादेवने पहिले चार भाजले. सगळे एकत्र बसले होते. त्याने ते मधोमध ठेवले आणि ज्याने त्याने आपला उचलायचा, असं ठरलं. अण्णांनी आपला घेतला. कडेने तोडला, चावला, आणि डोळे मिटून थोडा वेळ थांबले. मागल्या वर्षीच्या सवयीने ते वाट बघत होते. काही आलं नाही. मीठ आलं, मिरी आली, हिंग आला. त्यांनी आणखी एक घास घेऊन पाहिला.

मग ते सुनेकडे वळले.

"रत्ना," ते म्हणाले, "आज काय झालं गं तासाला?"

रत्नप्रभाने ताट जरा बाजूला सारलं, हात पुसले, मांडीवर ठेवले, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.